गालिच्याची पाठ



घरासाठी नवा गालिचा कसा निवडावा आणि कसा विकत घ्यावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो छापील पत्रिकेत वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल. वसंत व्याख्यानमालेत राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय यांवर बोलावे. बाजारहाटाच्या गोष्टी घरी कराव्यात, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच काळात सार्वजनिक काका अंगावर खादी घालून १८७७ च्या दिल्ली दरबारास गेले होते. आपण काय विकत घेतो हा खाजगी प्रश्न नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्या पिढीने ओळखले होते. तेव्हा गालिच्यावर बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

शिवाय दुसरेही एक कारण आहे. मध्यमवर्गीय घरात धान्य, कापड, भांडी यांची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. तांदूळ दाताखाली चावून पाहावा, मडके टिचकी मारून घ्यावे, नारळ कानाशी हलवावा, हे आपल्या आयाबहिणींना कुणी शिकवावे लागत नाही. गालिच्याचे तसे नाही. तो आपल्याकडे वाड्यांत आणि दरबारांत होता. सामान्य घरांत तो अलीकडे आला. त्यामुळे त्याची पारख घरात चालत आलेली नाही. विक्रेत्यास सर्व ठाऊक आणि घेणाऱ्यास काहीच नाही, अशी ही खरेदी असते. आणि जिथे अशी स्थिती असते तिथे फसवणूक होण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

आपण मूळचे जमिनीवर बसणारे लोक. जेवावयास पाट, अभ्यासास बस्कर, पाहुण्यास सतरंजी, लग्नकार्यास जाजम, कीर्तनास तरट आणि सावकाराच्या पेढीवर गादी नि लोड, अशी प्रत्येक प्रसंगाची बैठक ठरलेली होती. गालिचा आणि जाजम हे शब्द फारसीतून आले, आणि सतरंजीचे नाव शतरंज या खेळाशी जोडले जाते. पुढे सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली, तिच्या जागी मोझॅक आले आणि आता आरशासारखी चकचकीत फरशी आली. माणसे सोफ्यावर चढून बसली. जमीन मोकळी पडली आणि ती उघडीबोडकी दिसू लागली. तेव्हा सोफ्यापुढे काहीतरी अंथरावे, असा विचार घरोघर सुरू झाला. दिवाळी जवळ येते, मुलीला पाहावयास मंडळी यावयाची असतात, किंवा नव्या जागेची वास्तुशांत असते, आणि मंडळी गालिचा घ्यावयास बाहेर पडतात.

आमचे पहिले सांगणे असे की बाहेर पडण्यापूर्वी घरात एक फेरी मारावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. येथे ती उलट करून, पाय पाहून अंथरूण घ्यावे असे म्हणावे लागते. त्या खोलीत कुणाचे पाय वावरतात? रांगते मूल असेल तर दूध सांडणार. वृद्ध आईवडील असतील तर गुळगुळीत फरशीवर सरकणारा छोटा गालिचा हा त्यांच्या खुब्याच्या हाडाशी खेळ आहे. अशा घरी गालिच्याखाली रबराची जाळी घातल्यावाचून तो अंथरू नये, आणि त्याची कड वर वळलेली ठेवू नये. घरात कुणास दमा असेल तर दाट लवेचा गालिचा घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा; लवेत धूळ बसते, आणि त्या धुळीत डोळ्यांस न दिसणारे किडे वाढतात. तिथे धुता येणारी सतरंजीच बरी.

मग माप. दुकानातले माप आणि घरातले माप यांत नेहमी तफावत पडते, कारण दुकान मोठे असते. चार बाय सहा, पाच बाय आठ, सहा बाय नऊ ही फुटांची मापे बाजारात सर्रास मिळतात. यांपैकी कोणते आपल्या खोलीत शोभेल, हे ठरविण्याचा बिनखर्ची उपाय म्हणजे जुनी वर्तमानपत्रे तेवढ्या मापात जमिनीवर अंथरावीत आणि दोन दिवस तशीच राहू द्यावीत. दार उघडताना अडते का, सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर येतात का, केर काढताना कुठे अडचण होते, हे आपोआप कळते. मधल्या मेजाखाली हातरुमालाएवढा गालिचा टाकल्याने खोली मोठी दिसत नाही. उलट ती लहान दिसते.

भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवून टाकलेल्या गालिच्याची कल्पना थंड मुलखातली आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जून ते सप्टेंबर हवेत इतके पाणी असते की अशा गालिच्याखाली ओल धरते नि बुरशी येते. उचलून उन्हात टाकता येईल, झटकता येईल, तेच अंथरूण आपल्या हवेस मानवते. आपल्याकडे एक गोष्ट मात्र गालिच्यास फार अनुकूल आहे. आपण पायताण दाराशी काढतो. गालिचा ज्या मुलखांत वाढला तिथेही तो अनवाणी पायांसाठीच होता. बुटांखाली जो गालिचा लौकर झिजतो तो आपल्या घरी कितीतरी अधिक वर्षे टिकतो.

आता आपण दुकानात जाऊ. मंगल कार्यालयात भरलेले 'भव्य प्रदर्शन आणि विक्री' असले तरी चालेल. तिथे काय घडते? विक्रेता एकामागून एक गालिचे झटक्याने उलगडतो. दिवे वरून सोडलेले असतात, रंग झळकतात. "ताई, हात लावून बघा, मखमल आहे मखमल. पूर्ण हातानं बनवलेला. साहेब, पन्नास टक्के सूट फक्त आजच." बाई हळूच म्हणतात, "अहो, निळा बरा दिसेल ना पडद्यांना?" अहो मान डोलावतात, आणि पडद्यांचा रंग ठरवितो त्याप्रमाणे काही हजारांचा व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. या सर्व वेळात गालिच्याचे तोंड तेवढे पाहिलेले असते. आमचे म्हणणे असे की गालिच्याचे तोंड हे विकण्यासाठी असते आणि पाठ ही घेणाऱ्यासाठी असते. तेव्हा दुकानात पहिले वाक्य हे उच्चारावे : "जरा पालथा करून दाखवा."

पाठ काय सांगते, हे समजण्यास गालिचा कसा बनतो हे ठाऊक हवे. हातगाठीच्या गालिच्यात मागावर उभे धागे ताणलेले असतात. विणकर लोकरीचा किंवा रेशमाचा तुकडा दोन उभ्या धाग्यांभोवती गुंतवून गाठ मारतो आणि टोके कापतो. एक ओळ झाली की आडवा धागा घालून पंजासारख्या लोखंडी फणीने ठोकून बसवितो. त्या कापलेल्या टोकांची मिळून वरची लव तयार होते. म्हणजे नक्षीतला प्रत्येक ठिपका ही एक गाठ असते. म्हणूनच अशा गालिच्याच्या पाठीवर नक्षी जवळजवळ तोंडाइतकीच स्पष्ट दिसते, आणि नीट पाहिल्यास गाठींच्या ओळी किंचित लहानमोठ्या भासतात. कारण ते हाताचे काम आहे. टोकाची झालर ही त्याच उभ्या धाग्यांची उरलेली टोके असते.

दुसरा प्रकार असा की चौकटीवर कापड ताणतात, त्यावर नक्षी काढतात, आणि हातात धरावयाच्या बंदुकीसारख्या यंत्राने त्या कापडात लोकर टोचून भरतात. अशा लोकरीस गाठ नसते; ती जागेवर राहावी म्हणून मागून रबराचा चीक फासतात आणि तो झाकण्यास दुसरे कापड चिकटवितात. हा गालिचा पालथा केला की पाठीवर नक्षी दिसत नाही, नुसते कापड दिसते. यासही 'हाताने बनविलेला' म्हणतात आणि ते शब्दशः खोटे नाही, कारण बंदूक हातानेच धरलेली असते. पण हातगाठीचा गालिचा नीट वापरल्यास दोन-तीन पिढ्या चालतो. चिकाचा गालिचा चीक वाळेपर्यंत चालतो. पुढे त्या चिकाची पूड होऊन खाली सांडू लागते आणि लवेचे झुपके सुटतात. तेव्हा 'हाताने बनविलेला का' असे न विचारता 'हाताने गाठ मारलेला का' असे विचारावे. या एका शब्दाच्या फरकात पुष्कळ पैसे आहेत.

तिसरा प्रकार यंत्रमागाचा. त्याची पाठ रेघोट्या ओढल्यासारखी तंतोतंत सरळ असते, कडा यंत्राने ओवलेल्या असतात आणि झालर असलीच तर ती मागाहून शिवलेली असते. यंत्रमागाचा गालिचा घेण्यात कमीपणा नाही. तो स्वस्त असतो, पुष्कळदा डागांस दाद देत नाही, आणि पाच-सात वर्षांनी बदलावयाचा असे ठरवून घेतल्यास सोयीचाही असतो. आमची हरकत एवढीच की तो यंत्रमागाचा म्हणून आणि यंत्रमागाच्या भावाने घ्यावा.

आता थोडे गणित करू. हातगाठीच्या गालिच्याची किंमत पुष्कळांस अवाच्या सवा वाटते, आणि उलट रस्त्यावरचा 'काश्मिरी' गालिचा दहा हजारांत मिळाला की आपण जिंकलो असे वाटते. दोन्ही समजुती एका त्रैराशिकाने दूर होतात. पाठीवर फूटपट्टी ठेवून एका इंचात आडव्या किती गाठी आणि उभ्या किती गाठी हे मोजावे. एका गाठीचे जोडीने दोन ठिपके दिसत असतील तर दोहोंची मिळून एक गाठ धरावी. आडव्या १० आणि उभ्या १० असतील तर एका चौरस इंचात १०० गाठी झाल्या. सहा बाय नऊचा गालिचा म्हणजे ५४ चौरस फूट, म्हणजे ७,७७६ चौरस इंच. गाठी झाल्या ७,७७,६००. विणकर दिवसाला ६,००० गाठी मारतो असे धरले, तर एका माणसास सुमारे १३० दिवस लागले. त्याची रोजी पाचशे रुपये धरा. नुसती मजुरीच ६५,००० रुपये झाली. त्यात लोकर, रंगाई, धुलाई, लव समान कापण्याचे काम, वाहतूक, दुकानदाराचे भाडे नि नफा अजून आलेला नाही. रेशमाच्या, चौरस इंचास ४०० गाठींच्या लहान चार बाय सहाच्या गालिच्यास याच हिशोबाने २३० दिवस लागतात.

हे त्रैराशिक ज्याने एकदा मांडले, त्यास दहा हजारांत सहा बाय नऊचा हातगाठीचा गालिचा कुणी देऊ केल्यास दोनच शक्यता दिसतील. एक तर तो हातगाठीचा नाही, म्हणजे आपण फसतो आहोत. किंवा तो हातगाठीचा आहे आणि विणणाऱ्याच्या हाती काहीच पडलेले नाही, म्हणजे दुसरा कुणी फसला आहे.

गाठी जितक्या जास्त तितका गालिचा चांगला, असेही मानू नये. दाट गाठींमुळे बारीक नक्षी उठते, एवढाच त्याचा अर्थ. जाड लोकरीचा, ६०–८० गाठींचा तिबेटी धाटणीचा गालिचा दिवाणखान्यातली मुले, पाहुणे आणि चहा सहन करतो. ४०० गाठींचे रेशीम तिथे टाकणे म्हणजे शालूने ओटा पुसण्यासारखे आहे.

गाठींनंतर धागा. येथे मोठी गंमत आहे. रेशमासारखे चमकणारे गालिचे हल्ली पुष्कळ दिसतात आणि त्यांस 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' अशी भरदार नावे असतात. त्यांतील बहुतेकांचा धागा व्हिस्कोज असतो. तो लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून बनतो आणि रेशमाच्या किड्याशी त्याचा काही संबंध नसतो. दिसावयास तो देखणा असतो, पण ओला झाला की दुबळा होतो; पाणी सांडले तरी पिवळट डाग पडतो आणि लव चपटी बसते. खात्री करून घ्यावयाची तर लवेतले दोन-चार तंतू मागून घ्यावेत आणि बाहेर जाऊन काडीने जाळावेत. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोज. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. चांगला दुकानदार या परीक्षेस नाही म्हणत नाही. जो रागावतो त्याच्याशी वाद न घालता पुढच्या दुकानात जावे.

लोकरीत नैसर्गिक स्निग्धता असते, म्हणून सांडलेला चहा क्षणभर तिच्यावर मण्यासारखा राहतो. तेवढ्यात कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्यावा. घासू मात्र नये. आमटीच्या हळदीपुढे लोकरीचेही काही चालत नाही, तेव्हा ताटवाट्या गालिच्यापासून दूर बऱ्या.

रंगाची परीक्षा तर त्याहून सोपी. पांढरा हातरुमाल ओला करून लवेवर जोराने घासावा. रुमाल रंगला तर रंग कच्चा. मग लव दोन बोटांनी विलग करून मुळाकडे पाहावे; मूळ गडद आणि शेंडा फिका असेल तर उन्हाने रंग उडाला आहे किंवा मुद्दाम उडवून गालिच्यास जुनेपणा आणला आहे. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत तसले झगझगीत रंग गालिच्यांतही शिरले. त्यांतले पहिले रंग उन्हात टिकेनात, पुढे पक्के कृत्रिम रंगही निघाले. म्हणून कृत्रिम म्हणजे वाईट आणि वनस्पतीचा म्हणजे पक्का, असे सरसकट म्हणू नये. ओला रुमाल सांगेल ते खरे. उन्हापासून मात्र सर्वच रंगांस जपावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणातील अर्दबीलचा प्रख्यात गालिचा आहे. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९–४० हे वर्ष विणलेले आहे. तो सुमारे साडेदहा मीटर लांब असून एका चौरस इंचात तीनशेहून अधिक गाठी आहेत. त्याचे रंग टिकावेत म्हणून त्यावरचे दिवे दर अर्ध्या तासास दहाच मिनिटे लावतात. आपण पश्चिमेच्या खिडकीखाली गालिचा अंथरतो आणि वर्षाने दुकानदारास शिव्या देतो.

येथवर आम्ही गालिचा कशाचा आणि कसा, या दोन प्रश्नांविषयी बोललो. तिसरा प्रश्न राहिला : तो कुणी विणला? पाठीवरच्या गाठी मोजता येतात, पण त्या मारणारी बोटे दिसत नाहीत. तरी त्यांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

हिंदुस्थानात गालिच्याच्या कारखान्यांस अकबर बादशहाने आश्रय दिला, हे आइने-अकबरीवरून कळते. इंग्रजी अमलात हे काम तुरुंगांत शिरले. आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या राज्यारोहण-सुवर्णमहोत्सवानिमित्त विणलेला अखंड गालिचा विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्याचे वजन सुमारे दोन टन आहे, आणि १९९२ साली किल्ल्यास आग लागली तेव्हा तो हलविण्यास पन्नासएक सैनिक लागले. आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे होत, आणि विजापूरच्या असार महालातील जुन्या गालिच्यांचे नमुने तिथे उतरविले गेले. कैद्याचा वेळ सरकारला फुकट पडतो. इतक्या लक्षावधी गाठींचा माल स्वस्त विकावयाचा तर कुणाचातरी वेळ फुकट मिळाला पाहिजे, एवढाच या इतिहासाचा धडा आहे.

हा धडा पुढे अधिक कडू झाला. उत्तर प्रदेशातील भदोही–मिर्झापूर हा हातगाठीच्या गालिच्यांचा देशातील मोठा पट्टा. परदेशांतून मागणी वाढली, भाव पाडून मागितला जाऊ लागला, तेव्हा मागावर लहान मुले बसविली जाऊ लागली; काही तर कर्जापोटी आईबापांपासून दूर नेलेली. मुलांची बोटे नाजूक म्हणून बारीक गाठ त्यांनाच जमते, असे समर्थन केले जाई. ते निखालस खोटे आहे. सर्वांत बारीक कामाचे गालिचे सरावलेले प्रौढ कारागीरच विणतात. मुलांची बोटे नाजूक नसून त्यांची मजुरी नाजूक असते. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांस गालिचे विणण्याच्या कामावर ठेवण्यास बंदी केली. पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या धंद्यास ती लागू नव्हती, आणि माग तर घरोघरीच होते. कैलाश सत्यार्थी यांनी या मुलांची सुटका करण्याचे काम हाती घेतले. १९९४ साली बालमजुरीवाचून विणलेल्या गालिच्यांसाठी 'रगमार्क' ही खूण निघाली. २००९ पासून तिचे नाव 'गुडवीव्ह' झाले. २०१४ साली सत्यार्थींस मलाला यूसुफझाई यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. कायदा २०१६ साली अधिक कडक झाला. परंतु आडगावच्या झोपडीत काय चालते हे कायद्याच्या डोळ्यांस रोज दिसत नाही. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मात्र दुकानदारामार्फत व्यापाऱ्याकडे आणि व्यापाऱ्यामार्फत मागापर्यंत पोहोचतो, जर तो पुष्कळांनी विचारला तर.

विचारावयास आता आधारही आहेत. भदोहीच्या हातगाठीच्या गालिच्यास २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. काश्मिरी गालिच्यांसाठी २०२२ साली क्यूआर संकेताची चिठ्ठी निघाली. मोबाइलने ती वाचली की गालिच्याची आणि विणणाऱ्याची माहिती मिळावी, अशी तिची योजना आहे. काश्मीरचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा. तिथे तालीम म्हणजे गालिच्याची लिपी. कोणत्या रंगाच्या किती गाठी मारावयाच्या हे कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर खुणांनी लिहिलेले असते, आणि विणकर ती लिपी वाचत नक्षी उठवितात. ही लिपी वाचणारा माणूस दिवसभर बसून घर चालवू शकला नाही, तर त्याचा मुलगा मागावर बसणार नाही. मग पुढच्या पिढीस गालिचा विकत मिळेल, पण विणलेला मिळणार नाही.

येथे कुणी विचारील, "हे सर्व ठीक, पण आमच्या खिशात पासष्ट हजार नाहीत. आम्ही काय करावे?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि बहुतेकांचा आहे. आमचे उत्तर असे की खोटा गालिचा घेण्यापेक्षा खरी सतरंजी घ्यावी. सतरंजीत गाठ नाही, लव नाही. आडव्या धाग्यानेच नक्षी उठते. म्हणून तिला थोडे दिवस लागतात आणि प्रामाणिक मजुरी देऊनही ती परवडते. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुता येते, घडी करून कपाटात ठेवता येते. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या सतरंज्या तिथल्या स्त्रिया विणतात, आणि त्यांस जमखाना म्हणतात. हा शब्द आपल्या आजीच्या तोंडीही होता. वारंगळच्या सतरंज्याही नामांकित आहेत. आणि आपल्या घरचे सांगावयाचे तर घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती मऊ शालीस उपयोगी नाही, पण पायाखाली तिच्यासारखे टिकाऊ दुसरे नाही. धनगरांच्या कळपाची लोकर, सणगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ, यांतून हे काळे अंथरूण तयार होते. ज्या घोंगडीवर आपले पूर्वज निजले ती नव्या बैठकीत अंथरण्यास लाज कसली? तिला पाठ आणि तोंड असा भेदच नाही; जे आहे ते दोन्हीकडून दिसते.

घेतल्यानंतरची राखण थोडक्यात सांगतो. केरसुणी किंवा यंत्र लवेच्या दिशेने चालवावे, उलट नको. दर काही महिन्यांनी गालिच्याची दिशा फिरवावी, म्हणजे झीज सारखी होते. पावसाळ्यापूर्वी ऊन देऊन, झटकून, गुंडाळी करून सुती कापडात बांधून ठेवावा. प्लास्टिकमध्ये बांधल्यास आतच घाम धरतो. घडी कधी घालू नये, उभे-आडवे धागे घडीवर तुटतात. कडुनिंबाची वाळलेली पाने आत घालण्याची चाल चांगली आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. कसर अंधारात आणि निवांत जागी लागते, म्हणून महिन्यातून एकदा गुंडाळी सोडून पाहावी. पावतीवर 'गालिचा, एक' एवढेच न लिहून घेता माप, धागा, आणि गाठीचा की चिकाचा, हे लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले 'शुद्ध रेशीम' पावतीवर लिहावयाची वेळ आली की पुष्कळदा आपोआप व्हिस्कोज होते.

मंडळी, गालिचा ही चैनीची वस्तू आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण चैनसुद्धा डोळसपणे करता येते. पाच मिनिटे अधिक खर्चून गालिचा पालथा करावा, फूटपट्टी लावावी, तंतू जाळून पाहावा, रुमाल घासावा आणि कुणी विणला हे विचारावे. उत्तर पटले तर मागितलेला रास्त भाव द्यावा. घासाघीस करून विणकराची रोजी खाली आणू नये. उत्तर पटले नाही तर हात जोडून परत यावे. घरची फरशी तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. जिच्यावर बसताना विणणाऱ्याचे देणे आपल्या माथी नाही अशी साधी सतरंजीदेखील आल्यागेल्याचा मान राखण्यास पुरेशी आहे.